खाण बंद पडली, पुढं काय?

मराठी कथा-कादंबरीत बेकार पुष्कळ भेटतात. बी.ए. झालेला, अर्जावर अर्ज खरडणारा, टपरीवर उधारीचा चहा पिणारा, पोरीच्या बापापुढं मान खाली घालणारा. १९७० नंतरची दहा-पंधरा वर्षं तर या सुशिक्षित बेकारानं कथांची पानं आणि सिनेमाचे पडदे भरून टाकले होते. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला नोकरी अजून लागायची होती. ज्याला ती लागली होती, ज्याच्या हाताला एक काम दहा-वीस वर्षं बसलं होतं आणि ज्याला एका सकाळी 'उद्यापासून यायचं नाही' म्हणून सांगितलं, तो बेकार वेगळा. त्याच्या घरची चूल त्या पगाराच्या मापानं मांडलेली असते. वाण्याची वही त्याच पगाराच्या भरवशावर चालू असते. गावाकडं मनिऑर्डर जात असते. आणि वय असं असतं की नव्या ठिकाणी उमेदवार म्हणून उभं राहायची लाज वाटावी. या माणसाला दुसरं काम मिळेपर्यंत काय होतं, ही गोष्ट मराठीत कोणी सांगितली आणि कुठपर्यंत सांगितली, ते मला बघायचंय. मी समीक्षक नाही, वाचणारा आहे. ज्यांना समीक्षेची परिभाषा हवी त्यांच्यासाठी विद्यापीठं आहेत.

माझ्या वाचनात ही गोष्ट सगळ्यात आधी आणि सगळ्यात खरी सांगितली ती अण्णा भाऊ साठे यांनी. 'स्मशानातील सोनं'. ही कथा ज्यांनी ज्यांनी मला तोंडी सांगितली ते सगळे स्मशानापासून सुरुवात करतात. रात्र, कोल्हे, उकरलेली गोर, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं. अंगावर काटा आला, म्हणतात. येणारच, अण्णा भाऊंनी तो यावा म्हणूनच लिहिलंय. पण कथा स्मशानात सुरू होत नाही. ती खाणीत सुरू होते. वारणेकाठचा भीमा, अंगानं पैलवानासारखा, पोट घेऊन मुंबईला आला. शहरात काम नाही म्हणून उपनगराच्या कडेला दगडाच्या खाणीत लागला. पहार चालवायची, दगड फोडायचा. ती खाण एक दिवस बंद पडते. का पडते, मालकाचं काय झालं, कामगारांना काय मिळालं, यावर अण्णा भाऊ पानं घालवत नाहीत. भीमाला तरी कुठं कोणी सांगितलं होतं? माझ्या मते इथं कथा अगदी बरोबर आहे. खाणीवरच्या माणसाला बंद पडल्याचंच तेवढं कळतं, कारण कळत नाही.

आणि मग बघा, तो नवं काम कसं शोधतो. चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि त्याच्या डोक्यात एक धंदा उभा राहतो. मेलेल्याच्या तोंडात सोनं ठेवायची रीत आहे हे त्याला ठाऊक आहे. ते सोनं गरिबाच्या तोंडात नसतं हेही ठाऊक आहे. म्हणजे कुठल्या गावात कोण पैसेवाला मेला याची खबर ठेवणं आलं, नवी गोर ओळखणं आलं, रात्रीची पाळी आली. पहार तीच, उकरणं तेच. खाणीत शिकलेला हात त्यानं स्मशानात लावला. वाचकाला वाटतं माणूस पिशाच झाला. मला वाटतं, तो कामावर लागला. कथेची खरी भीती मला इथं वाटते. भुताची भीती त्याच्या बायकोला आहे, त्याला नाही. शेवटी दोन बोटं डॉक्टर कापून टाकतो आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमा पोरासारखा रडतो. शेवट ओढूनताणून आणलाय असं म्हणणारेही मला भेटलेत. त्यांना मी विचारतो, तुम्ही कधी कामावरून कमी झालात का? त्यांना ते ठाऊक नाही, की बोलावणं येतं तेव्हा मधल्या काळानं तुमच्यातलं काहीतरी कापून नेलेलं असतं. खाणीला दहा बोटांचा माणूस लागतो.

एक मात्र बोललं पाहिजे. अण्णा भाऊ भीमाची जात कथेच्या मध्यभागी आणत नाहीत. तो दांडगा आहे, गरीब आहे, एवढं पुरे. त्यांचा रस्ता लाल बावट्याचा होता, त्या रस्त्यानं बघताना भीमा हा कामगार. पण दुसरं काम शोधणारा आमचा माणूस नुसता कामगार नसतो. हे बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळीच तोंडावर सांगितलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं, आणि आमच्या तोंडाचं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. साच्यावर पगार जास्त. आम्ही सूतखात्यात. युनियन सगळ्यांची, संप सगळ्यांचा, आणि साचा तेवढा काही जणांचा. पुढं १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात एक साधी गोष्ट आहे ती कोणाला पाठ नाही. रेल्वेत आमचा माणूस गँगमन म्हणूनच का सडतो, हमालाच्या जागेवर का घेत नाहीत? तर हमालाला स्टेशनमास्तर घरी राबवतो, आणि आमचा हात त्यांच्या घरातल्या भांड्याला चालत नाही. म्हणजे हमालीसाठीसुद्धा जात लागते. दलित समीक्षेनं हे भाषण घोषणेसाठी वापरलं, नोकरीच्या शोधाचं व्याकरण म्हणून वाचलं नाही.

हे व्याकरण मला पुस्तकाआधी अंगावर शिकायला मिळालं, म्हणून थोडं माझंही सांगतो. मी एका गिरणीत रिंग खात्यात बदलीवर होतो. बाप त्याच खात्यात होता म्हणून मीही त्याच खात्यात. १९८२ पर्यंत साचेखात्याची बंदी उघड कोणी बोलत नव्हतं, तरी ज्या खात्यात बाप त्या खात्यात पोरगा ही चाल सुटली नव्हती. बदलीवाला म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगावं लागतं. रोज पाळीच्या वेळी कार्ड घेऊन दारात उभं राहायचं, कोणी खाडा केला तर आत जायचं, नाहीतर घरी. कायद्यात ले-ऑफला अर्ध्या पगाराची भरपाई होती, पण बदलीवाल्याला ती नाही, वर्ष सलग भरलं असेल तरच. आमच्याकडं वर्ष सलग भरू न देणारी माणसं पगारी ठेवलेली होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्या हळूहळू अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, १९८३ मध्ये सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, जुनी माणसं सही करून आत गेली. बदलीवाल्याला कोण विचारतो? कापड विणायचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं होतं. म्हणून मी भिवंडीला गेलो. चार ठिकाणी एकच सवाल. साचा येतो का? मी म्हटलं, रिंगवर होतो, धागा जोडतो, हात चांगला आहे. इथं रिंग कुठाय बाबा, साचा येत असेल तर बोल. तेव्हा मला १९२८ चा अर्थ लागला. आज्याच्या काळात तोंडचं सूत चालत नव्हतं, त्याची किंमत नातवानं भिवंडीच्या गल्लीत मोजली. बंदी उठते, पण ज्या कामाची बंदी होती ते काम काही आपोआप हातात येत नाही.

नंतर एका ठेकेदाराकडं गेलो. त्यानं कुठलं काम येतं हे विचारलंच नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाला, गटाराच्या कामावर ये उद्यापासून. आयुष्यात एवढ्या झटक्यात मला नोकरी कधी मिळाली नव्हती. मी गेलो नाही. बाजारात ओझी वाहिली, पुढं एका बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे मोडायला लागलो आणि तिथं चिकटलो. माझ्या ओळखीतले दोघं गेले त्या कामाला. त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या घरी पोरं माझ्यापेक्षा जास्त होती. मैला वाहून नेण्याविरुद्ध १९९३ ला एक कायदा झाला, २०१३ ला दुसरा. कायदे झाले तरी हे काम कोणाच्या नावानं रिकामं ठेवलेलं असतं ते ठेकेदाराला बरोबर ठाऊक असतं. बाकी सगळ्या दारांवर 'जागा नाही'ची पाटी, आणि हे एकच दार उघडं.

आता मराठीत परत येतो. संपानंतरच्या गिरणगावाबद्दल लिहिलेल्यात जयंत पवारांचं 'अधांतर' मी वरच्या रांगेत ठेवतो. १९९७ मध्ये ते रंगभूमीवर आलं. धुरींचं घर, गेलेला बाप, आई, तीन पोरगे आणि पोरगी. एक लेखक होऊ बघतोय, एक क्रिकेटमध्ये बुडालाय, एक टोळीत गेलाय. काम गेल्यावर घर कसं कुजतं, माणसं एकमेकांना कशी ओरबाडतात, हे पवारांनी डोळा न चोरता दाखवलं. टोळी हीही एक नोकरीच असते हे त्यांना कळलेलं आहे. नरू भीमाचाच भाऊ आहे. पण 'अधांतर' पाहून 'गिरणगावाचं समग्र दर्शन' अशी भाषा जेव्हा ऐकू येते, तेव्हा मी बिचकतो. धुरींच्या चाळीतून उतरून नायगावच्या, वरळीच्या बीडीडी चाळींत या. तिथंही गिरणीचीच माणसं राहत होती. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली तेव्हा दोन्ही बाजूंना गिरणीत जाणारे होते. एका भोंग्यावर उठणारी माणसं एकमेकांवर दगड घेऊन धावली. आठ वर्षांनी दोघंही बेकार झाले. मग कोणी कोणाला कुठं चिकटवायचं? गिरणीत जॉबर आपल्या गावचा, भावकीचा माणूस भरायचा, ती चाल गिरणीबरोबर मेली नाही. कोणाच्या मामाचं गॅरेज होतं, कोणाच्या गाववाल्याची खानावळ, कोणाचा शाखेत शब्द चालायचा. आमच्याकडं मामाही गिरणीतच होता आणि तोही घरी बसला होता. हे नाटक कोणी लिहिलं नाही. पवारांनी त्यांची चाळ लिहिली, इमानानं लिहिली. आमची आम्ही लिहायची होती.

बाबूराव बागुलांनी वीस वर्षं आधी वाट दाखवून ठेवली होती. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या त्या कथेला आपण जातीच्या अपमानाची कथा म्हणतो. ती नोकरीचीही कथा आहे. परमुलखात रेल्वेत काम मिळतं, आणि काम टिकवायचं तर जात दडवावी लागते. कारण नोकरी म्हणजे नुसतं कारखान्यातलं यंत्र नव्हे. राहायला खोली लागते, पाणी लागतं, कोणाच्या तरी ताटाशेजारी ताट लागतं, आणि या प्रत्येक ठिकाणी आडनावाचा टोलनाका. ओळख उघडी पडते तेव्हा मार बसतो. बागुलांचं मोठेपण हे की त्यांनी भीमाच्या पुढची पायरी लिहिली. काम मिळालं, तर पुढं काय? अण्णा भाऊंचा नायक काम नसल्यामुळं माणसांतून उठतो, बागुलांचा नायक काम मिळूनसुद्धा. या दोन कथा एका शिवणीत बांधून कोणी शिकवल्याचं मी ऐकलं नाही. एक 'लोककथेच्या वळणाची', दुसरी 'विद्रोहाची' अशा दोन फडताळांत त्या ठेवल्या गेल्या.

आता थोडं घरातलं, आपल्याच माणसांबद्दल. राग येईल, येऊ द्या.

१९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि आत्मकथनांची वाट मोकळी झाली. त्या पुस्तकांनी मला काय दिलं ते इथं सांगत बसत नाही. पण बहुतेक आत्मकथनांचा रस्ता बघा. गाव, भूक, शाळा, बोर्डिंग, कॉलेज, नोकरी. नोकरी लागते आणि गाडी स्टेशनात येते. पुढं अपमान आहेत, ऑफिसातले, खोली शोधतानाचे, स्वतःच्या माणसांपासून तुटल्याचे. पण पगार चालू आहे. असं का, याचं कारण साधं आहे. सरकारी नोकरी लागलेला माणूस लिहू शकला, आणि सरकारी नोकरी सहसा जात नाही. ज्यांची गेली ते गिरणीतले, गोदीतले, कंपन्यांतले, ठेक्यावरचे. त्यांनी लिहिलं नाही. म्हणून आपल्या साहित्यात नोकरी 'लागते' पण 'सुटत' नाही. यात लेखकांचा गुन्हा नाही, त्यांनी जे भोगलं ते लिहिलं. पण समीक्षेनं एवढं तरी म्हणायचं होतं की हा अर्धा समाज आहे. राखीव जागेच्या दारातून आत गेलेल्यांचा आवाज म्हणजे सगळ्या वस्तीचा आवाज नव्हे.

कविता तर आणखी वेगळीच पळते. सूर्य, मशाल, ज्वालामुखी, वणवा. आमच्या टेबलावर (टेबल कसलं, खोकं) येणाऱ्या दहा कवितांत आठ वेळा सूर्य उगवतो. मित्रांनो, सूर्य उगवला की बेकार माणसाचं सगळ्यात वाईट काम सुरू होतं. घरातून बाहेर पडायचं. शेजाऱ्याला वाटलं पाहिजे हा कामावर निघाला. डबा घेऊन निघायचं आणि बागेत बसून खायचा. यावर कविता येत नाही. चारित्र्याचा दाखला आणायला कोणाच्या पाया पडावं लागलं, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड नव्यानं करून घेताना रांगेत मागचा काय म्हणाला, अर्जात मधली तीन वर्षं रिकामी दिसतात तिथं काय भरायचं, यावर येत नाही. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई झाले, मग मास्तर झाले. ही तीन कामं एका माणसाच्या अंगातून गेली म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. वजन हे असं येतं, मशालीनं येत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. संपाच्या कितीतरी आधी गिरण्यांतून पहिल्यांदा कोणाला कमी केलं असेल तर बायकांना. त्यांच्यासाठी एक मोर्चा निघाला तर दहा ठराव नुसते कागदावर राहिले. आणि संपानंतर घरात दुसरं काम आधी कोणी शोधलं? बाईनं. पोळ्या लाटल्या, भांडी घासली, डबे केले, फुलांच्या माळा केल्या. नवरा 'माझ्या लायकीचं काम' शोधत होता तेव्हा ती मिळेल ते करत होती. उर्मिला पवारांनी 'आयदान' मध्ये, २००३ साली, टोपल्या विणणारी आई मध्यभागी बसवली. ती कोकणातली गोष्ट आहे, गिरणीची नाही. पण घर कोणाच्या हातावर चालतं हे त्या पुस्तकानं दाखवलं तसं गिरणगावच्या पुरुष लेखकांना दाखवता आलं नाही.

कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, त्या जमिनीवर टॉवर झाले, जुनं कशाला उकरता? तर आजचं सांगतो. आमच्या वस्तीतली पोरं आता कंपन्यांत आहेत, संगणकापुढं बसतात. त्यांना कमी करताना दारावर नोटीस लागत नाही, मेल येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर कित्येकांना फोनवरच सांगितलं. आणि नवं काम शोधायला गेलं की म्हणतात, 'रेफरन्स' आहे का? म्हणजे आतल्या कोणाची शिफारस. जॉबर परत आला की राव, फक्त शर्टाची इस्त्री कडक झालीय. खाजगी कंपनीला राखीव जागा नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक पाहणी छापली. सारख्या शिक्षणाचे नोकरीचे अर्ज, फक्त नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. तिथं माणूस समोर नव्हता, त्याचं तोंड नव्हतं, तोंडचं सूत नव्हतं, नुसतं नाव होतं. बागुलांच्या नायकाला निदान मार बसल्यावर कळलं. या पोरांना कळतही नाही, नुसतं बोलावणं येत नाही. यावर कथा लिहायची तर कशी लिहायची? मारणाराच दिसत नाही. हा नव्या कथाकारापुढचा खरा पेच आहे, आणि तो भाषेचा, रचनेचा पेच आहे, नुसत्या बांधिलकीचा नाही. अण्णा भाऊंना जबडा मिळाला होता, बोटं त्यात अडकवता आली. मेल न येणं कशात अडकवायचं?

मला उत्तर सुचलेलं नाही. माझा हात फर्मे मोडण्यात गेला. पण पुढच्या अंकासाठी एक मागणं आहे. ज्यांच्याकडं बदली कार्ड अजून ट्रंकेत असेल, ज्यांना कंपनीनं, ठेकेदारानं, कोणीही कमी केलं असेल, आणि ज्या बायांनी त्या दिवसांत घर ओढलं असेल, त्यांनी लिहून पाठवा. काम सुटल्यापासून दुसरं मिळेपर्यंतचंच लिहा. किती दिवस गेले, कोणाकोणाच्या दारात गेला, काय विचारलं, काय उत्तर दिलं, घरी काय सांगितलं. मिळालंच नसेल तर तेही लिहा. शुद्धलेखन आम्ही बघू, आणि तुमची बोली आहे तिथं बघणारही नाही. एका बाजूलाच लिहा, स्टेन्सिल कापणाऱ्याचे डोळे आता अधू झालेत.